विरजण जारमध्ये चालतं, वाइनमध्ये गेलं की थांबतं

वाइनमधल्या आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे ते मॅलोलॅक्टिक बॅक्टेरिया. त्यांचं विरजण जारमध्ये लागल्यासारखं दिसतं. रस थोडा गढूळ होतो, एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारं, पण हवा आत न घेणारं पाण्याचं झाकण) अधूनमधून बुडबुडा येतो. मग ते वाइनमध्ये ओतलं जातं आणि पुढे आठवड्यामागून आठवडे काहीच घडत नाही. मॅलिक आम्ल होतं तेवढंच राहतं. नवं पाकीट आणून पुन्हा विरजण लावावं, तर पुन्हा तेच. पहिल्या अपयशाचा दोष पाकिटावर जातो, दुसऱ्याचा वाइनवर, आणि त्यानंतर माणूस नाद सोडून वाइन तशीच बाटलीत भरतो. त्यात धोका काय, ते शेवटी सांगतो.

बऱ्याचदा पाकीट चांगलं असतं आणि वाइनही बरी असते. रसात वाढलेली पेशी आणि वाइन सोसणारी पेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र लक्षात घेतलेलं नसतं. गोड, कमी आम्लाच्या, अल्कोहोल नसलेल्या रसात वाढलेला बॅक्टेरिया तेरा टक्के अल्कोहोलात एकदम पडला, की संख्येने कितीही असला तरी त्यातला बहुतांश मरतो. अर्थात प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं नाही. म्हणून आधी अडकतंय कुठे ते शोधायचं, उपाय नंतर.

बुडबुडे मोजू नका, मॅलिक मोजा

एक ग्रॅम मॅलिक आम्लापासून सुमारे ०.६७ ग्रॅम लॅक्टिक आम्ल आणि ०.३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वाइनमध्ये लिटरमागे ३ ग्रॅम मॅलिक असेल, तर ते सगळं संपेपर्यंत जेमतेम १ ग्रॅम वायू निघतो, तोही काही आठवड्यांत. तेवढा वायू वाइनमध्ये विरघळूनही राहू शकतो. म्हणजे किण्वन नीट चालू असताना एअरलॉक गप्प असू शकतो. उलट खोली दोन अंशांनी तापली, तर आधीपासून विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि काहीच चालू नसताना बुडबुडे दिसतात.

विरजणाच्या जारमध्ये तर फसगत आणखी सोपी. फळाच्या रसात साखर असते आणि कुठून तरी आलेलं यीस्ट ती आंबवू लागतं. दहा ग्रॅम साखरेपासून जवळपास पाच ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यापुढे बॅक्टेरियाचा वायू नगण्य. जार जोरात बुडबुडत असेल, तर त्यात बॅक्टेरियापेक्षा यीस्ट असल्याचीच शक्यता जास्त.

साधी आणि पुरेशी चाचणी म्हणजे कागदी क्रोमॅटोग्राफी. कागदाच्या खालच्या कडेला नमुन्यांचे ठिपके द्यायचे. प्रत्येक ठिपका वाळला की त्याच जागी पुन्हा, असं तीन-चार वेळा. मग ब्यूटॅनॉल, फॉर्मिक आम्ल आणि ब्रोमोक्रेसॉल ग्रीन यांच्या द्रावणात कागद काही तास उभा करायचा आणि नंतर हवेशीर जागी वाळवायचा. फॉर्मिक आम्लाचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर अख्खा कागद पिवळाच राहतो. नीट वाळल्यावर निळसर हिरव्या कागदावर आम्लांचे पिवळे डाग दिसतात. सर्वांत खाली टार्टरिक, त्यावर सायट्रिक, मग मॅलिक आणि त्याच्या वर लॅक्टिक. सोबत शुद्ध मॅलिक आणि लॅक्टिक आम्लाचे ठिपके द्या, म्हणजे कुठला डाग कुणाचा यावर वाद राहत नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्या. विरजणाचा नमुना तपासताना लॅक्टिकचा डाग दिसला म्हणून खूश होऊ नका, कारण हे बॅक्टेरिया साखरेपासूनही लॅक्टिक आम्ल बनवतात. पाहायचं ते मॅलिकचा डाग फिका होतोय का, एवढंच. त्यासाठी पहिल्या दिवसाचा नमुना गोठवून ठेवा आणि दर वेळी त्याच्या शेजारी आजचा ठिपका द्या. दुसरं असं, की लिटरमागे साधारण ०.१ ग्रॅमच्या खालचं मॅलिक या कागदावर दिसत नाही. डाग नाहीसा झाला म्हणजे काम जवळपास झालं, पूर्ण झालं असं नव्हे. बाटलीत भरण्याआधीचा निर्णय एन्झाइमच्या चाचणीवर घ्यावा.

सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर हजारपट मोठं करून एक थेंब पाहा. इनोकॉकस इनाय, म्हणजे या कामाचा मुख्य बॅक्टेरिया, एक मायक्रॉनपेक्षाही लहान, गोलसर असतो आणि जोड्यांत किंवा साखळ्यांत दिसतो. यीस्ट त्याच्या कितीतरी पट मोठं, अंडाकृती, बऱ्याचदा अंगावर कळी असलेलं. दोघांत गल्लत होणं अवघड आहे. जुन्या पाककृतींत लुकोनॉस्टॉक इनॉस असं नाव आढळलं तर गोंधळू नका. १९६७ मध्ये हे नाव दिलं गेलं आणि १९९५ मध्ये त्याची वेगळी प्रजाती (जीनस) ठरवून इनोकॉकस केलं गेलं. जीव तोच.

एवढं हातात आलं की प्रश्न तीन तुकड्यांत फुटतो. एकतर विरजणातच मॅलिक घटत नाही, किंवा विरजणात घटतं पण वाइनमध्ये सुरूच होत नाही, किंवा वाइनमध्ये सुरू होऊन मधेच थांबतं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर वेळ फुकट जातो.

विरजणातच मॅलिक घटत नाही

इथे संशय रस, पाणी आणि पाकीट यांच्यावर. रसाच्या बाटलीवर सॉर्बेट, बेन्झोएट किंवा सल्फाइट या टिकवण्याच्या रसायनांपैकी काहीही छापलेलं असेल, तर तो रस या कामाचा नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते रात्रभर उघडं ठेवून जाईलच असं नाही, कारण काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात आणि ते चिवट असतं. सरळ क्लोरीनविरहित पाणी घ्यावं. पाकीट गोठवलेल्या अवस्थेत, उणे १८ अंशांवर ठेवायचं असतं. काही दिवस बाहेर राहिलं तर बहुधा चालतं, पण एकदा फोडून अर्धं वापरलेलं आणि चिमटा लावून ठेवलेलं पाकीट ओल धरतं. त्यात जिवंत किती उरलं याचा भरवसा नाही.

कोरड्या पेशी पाण्यात भिजवायच्या त्या २० ते २५ अंशांच्या पाण्यात, साधारण पंधरा मिनिटं. नुसत्या पाण्यात तासभर राहिल्या तर अर्धमेल्या होतात. आणि यीस्ट भिजवायच्या सवयीने चाळीस अंशांचं पाणी घेऊ नका.

माध्यमासाठी सफरचंदाचा रस सोयीचा, कारण त्यातलं मुख्य आम्लच मॅलिक. निम्मा रस, निम्मं पाणी आणि लिटरमागे साधारण १ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. दहा मिनिटं उकळून झाकून थंड करावं. त्याने रानटी यीस्ट मरतं आणि विरघळलेला ऑक्सिजनही बराच जातो. पीएच ३.६ ते ४ च्या दरम्यान आणायचा, शक्यतो पोटॅशियम बायकार्बोनेटने. कॅल्शियम कार्बोनेटही चालतं, पण ते कॅल्शियम पुढे वाइनमध्ये जाऊन टार्टरेटचे खडे पाडू शकतं. पीएच चारच्या बराच वर नेला तर नको ते बॅक्टेरिया सुखावतात. जार गळ्यापर्यंत भरा, या जिवाला हवा नको असते.

रस पाण्याने पातळ का करायचा, हे बऱ्याच पाककृती सांगत नाहीत. इनोकॉकसला वाढायला थोडी साखर लागतेच. मॅलिक आम्लाच्या रूपांतरातून त्याला पेशीच्या आवरणापलीकडच्या प्रोटॉनच्या फरकाच्या रूपात थोडी ऊर्जा मिळते, पण पेशीचं शरीर बांधायला लागणारा कच्चा माल त्यातून मिळत नाही. म्हणून नुसत्या मॅलिकच्या द्रावणात विरजण लावणारे निराश होतात. आणि साखर फार झाली तर तो फ्रुक्टोजपासून मॅनिटॉल आणि सोबत ॲसेटिक आम्ल करतो. विरजणाला व्हिनेगरचा दर्प यायला लागतो. तसं विरजण फेकून द्यावं.

पोषणाबाबतही एक चुकीचा समज पसरलेला आहे. यीस्टला घालतो ते डायअमोनियम फॉस्फेट या बॅक्टेरियाच्या काहीही उपयोगाचं नाही. त्याला अमोनियातून नायट्रोजन घेता येत नाही. तयार अमिनो आम्लं, लहान पेप्टाइडं आणि जीवनसत्त्वं लागतात, त्यातही पॅन्टोथेनिक आम्ल. जुन्या प्रयोगशाळांच्या माध्यमांत टोमॅटोचा रस असायचा तो याचसाठी. त्यातला जो घटक इनोकॉकसला वाढवतो, तो पॅन्टोथेनिक आम्लाचंच ग्लुकोज जोडलेलं रूप आहे. यीस्ट एक्स्ट्रॅक्टने यातलं बहुतेक सगळं भागतं.

हे सगळं नीट असेल तर २० ते २५ अंशांवर आठवड्याभरात मॅलिकचा डाग स्पष्ट फिका व्हायला हवा. नाही झाला तर त्या जारची वाट पाहत बसू नका.

विरजणात घटतं, वाइनमध्ये सुरूच होत नाही

सर्वांत जास्त जण इथेच अडकतात, आणि या जिवाची खरी परीक्षाही इथेच असते.

वाइनमध्ये त्याला चार गोष्टींशी झुंजावं लागतं. पीएच ३.२ च्या खाली गेला की त्याचा वेग फार मंदावतो आणि ३.१ च्या खाली बहुतेक वाण हात टेकतात. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या वर त्रासदायक. एकूण सल्फर डायऑक्साइड (सल्फाइटचंच वाइनमधलं रूप, काही मोकळं आणि काही इतर घटकांना बांधलेलं) लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावा, मोकळा तर १० च्याही खाली. तापमान १८ ते २२ अंश. पाकिटावरही साधारण असेच आकडे असतात आणि माणूस ते एकेक करून तपासतो. पीएच ३.२५, ठीक. अल्कोहोल १३.५, ठीक. सल्फाइट ३०, काठावर पण ठीक. तापमान १७, चालेल. प्रत्येक उत्तर बरोबर आणि बॅक्टेरिया मेलेला. कारण हे चार ताण एकमेकांत मिसळतात. मर्यादेचा आकडा बाकी तिन्ही गोष्टी सुखाच्या असताना खरा असतो. दोन गोष्टी काठावर असतील तर तिसरी आरामात हवी, हा माझा ढोबळ हिशेब.

सल्फाइटचं गणित तर पीएचवरच उभं आहे. बॅक्टेरियाला मारतो तो रेणूरूपातला सल्फर डायऑक्साइड. पीएच ३.५ ला मोकळ्या सल्फाइटपैकी सुमारे २ टक्के या रूपात असतो, ३.२ ला जवळपास ४ टक्के आणि ३.० ला ६ टक्के. म्हणजे तेवढंच सल्फाइट आंबट वाइनमध्ये तिप्पट जहाल. शिवाय "मी सल्फाइट घातलंच नाही" हे पुरेसं उत्तर नाही. यीस्ट स्वतःही सल्फर डायऑक्साइड तयार करतं आणि काही वाण तर लिटरमागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. न घातलेलं सल्फाइटही मोजा.

बांधलेल्या सल्फाइटकडे तर सहसा कुणी पाहतच नाही. यीस्टने सोडलेल्या ॲसिटाल्डिहाइडला बरंच सल्फर डायऑक्साइड चिकटून निरुपद्रवी बसलेलं असतं. इनोकॉकस मात्र ॲसिटाल्डिहाइड खातो. खाल्लं की चिकटलेलं सल्फाइट सुटतं आणि खाणाऱ्याच्याच जिवावर उठतं. विरजण घातल्यावर काही दिवस थोडी हालचाल आणि मग पूर्ण शांतता, असं दिसलं तर एकूण सल्फाइटचा आकडा मागवा, मोकळ्याचा नव्हे.

यापैकी कोण आडवं येतंय ते शोधायला चार लहान बाटल्या पुरतात. चारहींत तेच चालू विरजण, त्याच प्रमाणात, सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. पहिलीत वाइन आहे तशी. दुसरीत वाइन, पण पोटॅशियम बायकार्बोनेटने पीएच ३.५ केलेला. तिसरीत निम्मी वाइन आणि निम्मं पाणी, पीएच मूळ वाइनएवढा राखून. चौथीत वाइन अधिक यीस्ट एक्स्ट्रॅक्ट. सगळ्या २० अंशांवर ठेवून दोन-तीन आठवडे मॅलिकचा डाग पाहायचा. फक्त दुसरी चालली तर आम्लता किंवा तिच्या जोरावर चालणारं सल्फाइट. तिसरी चालली तर अल्कोहोल, सल्फाइट किंवा यीस्टने सोडलेलं आणखी काही. चौथी चालली तर उपासमार. पहिलीही चालली तर वाइनमध्ये दोष नाहीच, टाकीचं तापमान पाहा. चारहींत काहीच नाही झालं तर विरजण मेलेलं आहे, मागच्या भागाकडे परत जा. चाचणीसाठी ढवळलेल्या या बाटल्यांतली वाइन मूळ टाकीत परत ओतू नका.

कारण अल्कोहोल किंवा पीएच असेल, आणि ते बहुतेक वेळा असतंच, तर विरजणाला वाइनची सवय लावावी लागते. ताण हळूहळू वाढला तर पेशी आपल्या आवरणातली मेदाम्लं बदलते, ताण सोसायला मदत करणारी प्रथिनं बनवते. एकदम पडला तर तेवढा वेळच मिळत नाही. शंभर लिटर वाइनसाठी क्रम असा ठेवावा. वर सांगितलेलं माध्यम अर्धा लिटर घेऊन त्यात विरजण लावायचं. त्यातलं मॅलिक दोनतृतीयांश संपलं की अर्धा लिटर वाइन मिसळायची, त्याच टाकीतली. आता हे एक लिटर झालं, निम्मं वाइन, अल्कोहोल साडेसहाच्या आसपास. पुन्हा दोनतृतीयांश मॅलिक संपलं की आणखी एक लिटर वाइन, म्हणजे तीनचतुर्थांश. पुन्हा तसंच झालं की तीन लिटर. आता पाच लिटर विरजण आहे, त्यात नव्वद टक्के वाइन आहे आणि अल्कोहोल जवळपास टाकीएवढंच आहे. हे टाकीत गेलं तर त्याला फार नवं काही भेटत नाही. एकूण दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्त.

यातली "दोनतृतीयांश" ही अट मनापासून पाळावी. सगळं मॅलिक संपू दिलं तर पेशींचा वाढीचा जोर ओसरतो आणि पुढच्या टप्प्यात त्या दमलेल्या जातात. थकलेलं विरजण पुढे सरकत नाही. फार लवकर पुढे गेलं तर संख्या पुरत नाही. दर दोन दिवसांनी कागद लावण्याचा कंटाळा करणाऱ्यांचं विरजण बहुतेक इथेच बिघडतं.

संख्येचा हिशेबही करून पाहा. वाइनमध्ये काम सुरू व्हायला मिलीलिटरमागे किमान दहा लाख जिवंत पेशी हव्यात. चांगलं विरजण दहा कोटींपर्यंत जातं. ते पाच टक्के घातलं तर टाकीत पन्नास लाख, म्हणजे भरपूर. पण सवय न लावलेल्या विरजणातल्या नव्वद टक्के पेशी पहिल्या दिवशीच मेल्या तर उरतात पाच लाख. टाकीत जीव असतो, पण त्याला पुन्हा वाढावं लागतं, आणि वाइनमध्ये ती वाढ फार मंद असते. आठवडे जातात ते याच वाढीत. दरम्यान दुसरा कुठला तरी बॅक्टेरिया जागा बळकावू शकतो.

विरजण घालताना विरजण आणि टाकी यांच्या तापमानात पाच अंशांहून जास्त फरक नको. फरक असेल तर विरजणाचा जारच दिवसभर टाकीजवळ ठेवून द्या.

थेट घालायच्या पाकिटांबद्दल इथेच बोलतो, कारण त्यांच्या बाबतीत नेमकी उलटी चूक होते. त्या पेशींना कारखान्यातच ताणाची सवय लावून मग वाळवलेलं असतं. पाकीट महाग वाटतं म्हणून ते रसात घालून "वाढवून" मग वापरलं, तर आरामाच्या माध्यमात जन्मलेल्या नव्या पेशींकडे ती सवय उरत नाही. ज्यासाठी पैसे मोजले तेच धुऊन जातं. थेट घालायचं पाकीट थेट घाला, तेही पूर्ण. वाढवायचंच असेल तर वरचे सगळे टप्पे पाळा. अधलंमधलं काही करू नका.

वाइनचाच पीएच ३.१ असेल तर विरजण कितीही चांगलं असलं तरी झगडा आहे. बायकार्बोनेटने तो ३.२५ पर्यंत आणून सुरुवात करून देणं शहाणपणाचं. त्याहून पुढे ढकलू नका, कारण मॅलोलॅक्टिक किण्वन स्वतःच पीएच ०.१ ते ०.३ ने वर नेतं. अल्कोहोल १४ च्या वर असेल तर तापमान वाढवून घाई करू नका. जास्त अल्कोहोलात २५ अंश बॅक्टेरियाला मदत करत नाहीत, मारतात. अशा वाइनला १८ ते २० अंशच बरे.

सुरू होतं आणि मधेच थांबतं

आधी तापमान. रात्री गार होणाऱ्या खोलीत हे नेहमीचं आहे आणि पुन्हा १८ च्या वर आणल्यावर बऱ्याचदा आपोआप चालू होतं.

मग गाळ. यीस्टचं काम झाल्याबरोबर वाइन चकचकीत निथळून काढली असेल, तर बॅक्टेरियाचं जेवणच काढून घेतलं. मेलेल्या यीस्टच्या पेशी फुटून त्यातून अमिनो आम्लं सुटतात, त्यावर हा जीव जगतो. बारीक, स्वच्छ वासाचा गाळ ठेवून आठवड्यातून एकदा हलक्या हाताने, हवा न मिसळता ढवळला की फरक दिसतो. गाळाला कुजकट वास असेल तर मात्र नाही. यीस्टलाच ताण पडलेल्या वाइनमध्ये काही मध्यम लांबीची मेदाम्लं साठतात आणि ती बॅक्टेरियाला विषारी ठरतात. लिटरमागे पाव ग्रॅमच्या आसपास यीस्टची रिकामी आवरणं घातली तर ती मेदाम्लं शोषून घेतात. पुढचं विरजण त्यानंतर घालावं.

सुरुवातीचं मॅलिकच लिटरमागे एक ग्रॅमच्या खाली असेल, तर बॅक्टेरियाला नीट पकड मिळत नाही. पाचच्या वर असेल तर तयार होणारं लॅक्टिक आम्ल पुढे त्याचाच वेग कमी करतं. दोन्ही वेळा धीर लागतो.

क्वचित, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी त्याच वाणाने दगा दिला, तर बॅक्टेरियोफाजचा संशय घ्यावा. इनोकॉकसला संपवणारे विषाणू आहेत. चांगलं गढूळ झालेलं विरजण एकाएकी नितळ होणं ही त्याची खूण. अशा वेळी तेच वाण नव्या पाकिटातून आणून उपयोग नाही, वाण बदला आणि नळ्या, जार, झाकणं नीट निर्जंतुक करा. वर्षानुवर्षं एकच मातृविरजण फिरवत ठेवणाऱ्यांना हा धोका जास्त. मला ती पद्धत मुळीच पसंत नाही. त्यात काय काय मिसळत गेलं आहे ते कळायला मार्ग नसतो.

शेजारच्या, मॅलोलॅक्टिक ऐन भरात असलेल्या पिंपातून पाच-दहा टक्के वाइन घेऊन अडकलेल्या पिंपात घालणं मात्र चांगला उपाय आहे. त्या पेशी वाइनमध्येच मुरलेल्या असतात. अट इतकीच, की देणाऱ्या पिंपात मॅलिक अजून शिल्लक असावं आणि त्याला वास, चव, बाष्पशील आम्ल (मुख्यतः ॲसेटिक) यांत कसलाही दोष नसावा. दोषही तितक्याच सहजतेने पसरतो.

दर हंगामात हेच रडगाणं असेल, तर विरजण कसं लावावं यापेक्षा कधी लावावं हा प्रश्न विचारा. यीस्ट घातल्यानंतर २४ ते ४८ तासांनी बॅक्टेरिया घातले, तर अल्कोहोल नावालाच असतं, रस उबदार असतो आणि पोषण भरपूर. अल्कोहोल वाढत जातं तशी त्यांना सवय होत जाते, म्हणजे वर जारमध्ये टप्प्याटप्प्याने केलं ते टाकीत आपोआप होतं. पीएच ३.३ च्या वर आणि द्राक्षं चिरडताना घातलेलं सल्फाइट बेताचं असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. धोका एकच. यीस्ट मधेच अडकलं तर उरलेल्या साखरेवर बॅक्टेरिया ॲसेटिक आम्ल बनवू लागतात. म्हणून यीस्टचं पोषण आणि तापमान आधी नीट ठेवा, घनता रोज पाहा. पीएच ३.५ च्या वर असेल तर लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटॅरमचे वाणही या कामाला येतात. ते द्राक्षातल्या साखरेपासून ॲसेटिक आम्ल करत नाहीत, त्यामुळे वरचा धोका बराच कमी होतो.

काहीच जमलं नाही तर

अर्धवट मॅलोलॅक्टिकची वाइन तशीच बाटलीत भरली, तर ते काम पुढे बाटलीत पुरं होऊ शकतं. वाइन फसफसते, गढूळ होते, बुचं वर सरकतात. उरलेलं मॅलिक तसंच ठेवायचं ठरलं तर पीएचच्या हिशेबाने पुरेसं सल्फाइट, थंड साठवण आणि भरण्याआधी ०.४५ मायक्रॉनची गाळण, या तिन्ही गोष्टी करा. काम पूर्ण झालं असेल तेव्हाही सल्फाइट लांबवू नका. मॅलिक संपल्यावर बॅक्टेरिया सायट्रिक आम्लाकडे वळतात आणि त्यातून लोण्याच्या वासाचं डायसिटाइल आणि थोडं ॲसेटिक आम्ल येतं. पीएच ३.५ च्या वर असेल तर रानटी बॅक्टेरिया हिस्टामिनही करू शकतात.

आणि मॅलोलॅक्टिक थांबवायला पोटॅशियम सॉर्बेट कधीही घालू नका. सॉर्बेट यीस्टला रोखतं, या बॅक्टेरियांना नाही. उलट बॅक्टेरिया त्याचं रूपांतर करतात आणि वाइनला चुरगळलेल्या जिरॅनियमच्या पानांचा वास येतो. तो कुठल्याही उपायाने निघत नाही.